फोनवरून सांगतात 'पोस्ट काढा'. काढू का? तुमचे अनुभव सांगा

शिवारवाट | सोमवार, सकाळी ७.१०

नमस्कार मंडळी.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावचा मी. २०११ पासून गावाविषयी ब्लॉग लिहितो. जत्रा, रोपलावण, तालमीतली पोरं, कुणाच्या घरातली शंभरी गाठलेली आजी, असलं सगळं. वाचणारे बहुतेक पुण्यामुंबईला नोकरीला गेलेले आमच्याच गावचे लोक.

पंचायतीच्या फलकावर घरपट्टी थकबाकीची यादी लागली. तीन पानं, सगळी कन्नडमध्ये. तळाला बारीक अक्षरात एक ओळ, की हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या, नंतर ई-स्वत्तूच्या, म्हणजे मालमत्तांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत हेच चढणार. आमच्या गल्लीत ती ओळ वाचू शकणारे चौघेही नसतील. मी फलकाचा फोटो काढला, ओळीचा अर्थ मराठीत लिहिला, 'ही नोटीस मराठीतही लावा' अशी मागणी केली आणि ब्लॉगवर टाकलं. तिथून ते व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर झालं.

काल दुपारी फोन आला. पंचायतीतून बोलतोय म्हणाले, नाव सांगितलं नाही. 'ती पोस्ट संध्याकाळपर्यंत काढा, नाहीतर सायबर केस होईल.' कुठल्या कलमाखाली, असं विचारलं तर फोन ठेवून दिला.

बायको म्हणते काढून टाक, पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. वडील म्हणतात एक अक्षर काढायचं नाही. पोस्ट अजून आहे, पण रात्री तीनदा उठून लॅपटॉप उघडला आणि मिटला.

काढू का ठेवू? आणि आपल्या भागात नेटवरच्या हक्कासाठी कुणी कधी पाय रोवून उभं राहिलं असेल, तर काय झालं ते खरंखरं सांगा. हरला असाल तरी सांगा.

खडेबाजार | सोमवार, ७.३२

काढू नका. फोन किती वाजता आला, कुठल्या नंबरवरून आला, काय शब्द वापरले, आत्ताच वहीत लिहून ठेवा. दोन दिवसांनी शब्द आठवत नाहीत.

काळी_माती | सोमवार, ८.५५

हरलेल्याचा अनुभव पाहिजे म्हणालात म्हणून लिहितो. दहा-बारा वर्षं हे घराबाहेर बोललेलो नाही.

२०१३ साल. आमच्या गावच्या रस्त्याचं डांबर पहिल्या पावसात वाहून गेलं. मी फेसबुकवर फोटो टाकून ठेकेदाराला दोन शब्द सुनावले. शिवी नव्हती, धमकी नव्हती. तिसऱ्या दिवशी ठाण्यातून बोलावणं. सकाळी दहाला गेलो, तीन वाजेपर्यंत बाकावर बसवलं. मग एकानं माझा फोन मागून घेतला, ती पोस्ट उघडली आणि फोन माझ्यासमोर धरून म्हणाला, 'दाब.' फोन त्याच्या हातात, अंगठा माझा. दाबला. मग कागदावर माफी लिहून घेतली, 'पुन्हा असे करणार नाही'. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ लागलं तर तीन वर्षं कैद, हे वाक्य किमान पाच वेळा ऐकवलं.

त्याआधी वर्षभरच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका साध्या वाक्यासाठी अटक झाली होती. एकीनं लिहिलं आणि दुसरीनं लाइक केलं, एवढंच. ते डोक्यात होतं, त्यामुळे मी दमच धरू शकलो नाही.

२४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ६६ अ घटनाबाह्य ठरवलं. ही केस लढणाऱ्या श्रेया सिंघल निकाल लागला तेव्हा कायद्याच्या विद्यार्थिनी होत्या. बातमी आली तेव्हा मी दुकानात खत तोलत होतो. वजन अर्धवट ठेवून मागच्या खोलीत जाऊन बसलो. माफीचा तो कागद आजही कुठल्यातरी फायलीत असेल. रस्त्याचं डांबर मात्र पुढच्या पावसातही वाहून गेलं.

शिवारवाट, तुम्ही दाबू नका.

मलप्रभा | सोमवार, ९.२०

काळी_माती, वाचून हात थांबला. लिहिलंत हे फार बरं केलंत.

वकीलआप्पा | सोमवार, ११.४५

कोर्टाच्या मधल्या सुट्टीत लिहितोय, म्हणून मुद्द्याचंच बोलतो.

एक, फोन म्हणजे आदेश नाही. श्रेया सिंघल निकालात ६६ अ रद्द झालं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच निकालात दुसरी गोष्टही आहे. नेटवरचा मजकूर काढायला मंचाला, म्हणजे फेसबुक किंवा ब्लॉग चालवणाऱ्या कंपनीला, भाग पाडायचं असेल तर कोर्टाचा आदेश हवा, नाहीतर सरकारची रीतसर सूचना. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आयटी नियमांच्या दुरुस्तीप्रमाणे सरकारी खात्याकडून अशी सूचना द्यायची तर सहसचिव किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा अधिकारी लागतो, पोलिसांकडून द्यायची तर डीआयजी, म्हणजे उपमहानिरीक्षक. तीही कारणं आणि कायद्याचा आधार लिहून. पंचायतीतला अनोळखी माणूस यात कुठेच बसत नाही.

दोन, 'सायबर केस' नावाचं कलम नसतं. कलम विचारलंत आणि फोन ठेवला, यातच उत्तर आलं.

तीन, पोलिसांनी बोलावलंच तर नोटीस लेखी मागा. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४१ अ, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतलं ३५ वं कलम. ती नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. नोटीस मिळाली की मात्र हजर राहायचं, टाळायचं नाही.

आणि परत फोन आला तर दोनच शब्द बोला: लेखी द्या.

अनुभवी | सोमवार, १२.३०

आप्पा, कायदा बरोबर आहे, पण प्रत्यक्षात? ६६ अ रद्द झाल्यावरही कित्येक वर्षं ठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. मेलेलं कलम सात वर्षं माणसांना छळत होतं. शिवारवाट यांच्या घरच्यांची भीती उगाच नाही.

वकीलआप्पा | सोमवार, १२.५०

मान्य. म्हणूनच म्हणतो, एकटं राहायचं नाही. निकालाची प्रत खिशात ठेवायची, सोबत एक माणूस न्यायचा.

रोखठोक | सोमवार, दुपारी २.०५

माझं मत वेगळं आहे. आपण कर्नाटकात राहतो, पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये असणारच. सत्तर वर्षं झाली, कन्नड शिकून घ्यायला काय हरकत आहे? प्रत्येक गोष्टीला हक्काचं लेबल लावलं की मूळ काम बाजूला राहतं. घरपट्टी थकलीय, ती भरा आधी.

खडेबाजार | सोमवार, २.१५

अहो काय बोलूलासा! थकली की नाही हे कळायला नोटीस वाचता यायला नको?

बैलहोंगल_बसवा | सोमवार, ३.४०

मी कन्नडिग. मूळ बैलहोंगलचा, शिक्षण टिळकवाडीत, त्यामुळे मराठी मित्रांच्या घरच्या भाकरीवर वाढलेला. मराठी लिहिताना चूक झाली तर सांभाळून घ्या.

रोखठोक यांना एवढंच विचारतो. माझी मावशी जत तालुक्यात दिली आहे. तिच्या गावात घराघरात कन्नड, आणि तलाठ्याचा कागद येतो मराठीत. ती तो कागद घेऊन शेजारच्या मास्तरांकडे जाते. तिला मी 'मराठी शीक' म्हणू का? बासष्ट वर्षांची आहे ती. जत, अक्कलकोटला जे कन्नड माणसाचं होतं तेच इथं मराठी माणसाचं होतं. शिकणं चांगलंच, मी दोन्ही शिकलो. पण नोटिशीची मुदत कुणाच्या शिकण्यासाठी थांबत नाही.

शिवारवाट, तुमचा फोटो मोठा करून वाचला. तुमच्या भाषांतरात एक गोष्ट सुटली आहे. पंधरा दिवस फलकावर लावल्यापासून नाहीत, नोटिशीवरच्या तारखेपासून आहेत. तारीख वर उजव्या कोपऱ्यात शिक्क्याखाली दबली आहे. म्हणजे मुदत गेल्या शुक्रवारीच संपली.

शिवारवाट | सोमवार, ४.१०

बसवण्णा, हे मला दिसलंच नव्हतं. म्हणजे यादी फलकावर लागली तेव्हाच निम्मी मुदत गेली होती. पोस्टमध्ये आत्ताच दुरुस्ती करतो आणि माझी चूक होती हेही लिहितो. उपकार झाले.

मलप्रभा | सोमवार, ४.४५

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर दोन आधार देते. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, म्हणून हे कायम हाताशी असतं. घटनेच्या ३५० ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमलेला असतो. जिथं एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे फार जुनं ठरलेलं धोरण आहे. आणि माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४, पोटकलम ४ उघडून बघा. सरकारनं स्वतःहून जाहीर करायची माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

वकीलआप्पा | सोमवार, ५.३०

ताई, अगदी नेमकं. फक्त एक खबरदारी. माहितीचा अर्ज करायचा झाला तर तो इंग्रजी, हिंदी किंवा राज्याच्या राजभाषेत द्यावा लागतो, मराठीत दिला तर परत पाठवायला त्यांना निमित्त मिळतं. कर्नाटकात दीडशे शब्दांची मर्यादाही आहे. बसवा लिहून देतील का?

बैलहोंगल_बसवा | सोमवार, ५.३४

आजच रात्री देतो.

टाळमृदंग | सोमवार, रात्री ९.१५

खानापूर तालुक्यातलं आमचं भजनी मंडळ. आमचं प्रकरण जरा वेगळं, पण हक्काचंच आहे.

कार्तिकी एकादशीचं भजन आम्ही देवळात मोबाइलवर रेकॉर्ड करून नेटवर टाकलं. तुकोबांचा अभंग. दुसऱ्या दिवशी सूचना आली, 'या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आहे', दावा एका कॅसेट कंपनीचा. तीन आठवड्यांनी चॅनेलवर पहिला इशारा. असे तीन झाले की चॅनेल बंद. आमच्या चॅनेलवर आता हयात नसलेल्या चार बुवांचे आवाज आहेत. ते गेले असते तर परत कुठून आणायचे?

मंडळातले जुने लोक म्हणाले जाऊ दे, काढून टाक. मी मात्र हटून बसलो. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा मालकी हक्क?

अनुभवी | सोमवार, ९.४०

टाळमृदंग, राग मानू नका. शब्द तुकोबांचे खरे, पण चालीचं काय? लेखक किंवा संगीतकार गेल्यावर ६० वर्षं त्याच्या कामावर हक्क राहतो. आपण देवळात म्हणतो त्यातल्या कितीतरी चाली रेडिओवरून आलेल्या आहेत, त्या गेल्या शतकातल्या संगीतकारांनी बांधलेल्या. तुमची चाल कुठली होती?

टाळमृदंग | सोमवार, १०.०५

राग कसला, याच प्रश्नावर आमच्यातही दोन तट पडले होते. म्हणून मी सगळ्यात म्हाताऱ्या टाळकऱ्याकडे गेलो. नव्वदी गाठलेले. त्यांनी दोन्ही चाली म्हणून दाखवल्या, रेडिओची आणि वारकऱ्यांच्या फडावरची. आमची फडावरची होती. त्यांच्या वडिलांनी पायी वारीत शिकलेली. फरक तिसऱ्या ओळीत आहे. रेडिओच्या चालीत तिथं सूर वर जातो, आमच्यात टाळ थांबतात आणि नुसता मृदंग बोलतो.

दाव्याच्या उत्तरात हे सगळं लिहिलं. कुठल्या सेकंदाला टाळ थांबतात तेही. कायद्यात धार्मिक विधीतल्या गायनाला सूट आहे, पण ती नेटवर टाकण्याला पुरेल का याची खात्री नव्हती, म्हणून तो आधार घेतलाच नाही. महिन्याभरानं दावा मागे घेतला गेला. एक ओळीचं उत्तर, कारण नाही. आता मी प्रत्येक भजनाखाली चाल कुठल्या फडाची, कुणाकडून शिकलो, हे लिहितो.

कुंदा_आणि_मांडे | सोमवार, १०.२०

टाळ थांबतात ते भजन कुठं ऐकायला मिळेल? सगळं सोडून आधी ते ऐकायचंय.

कोगनोळीकर | मंगळवार, सकाळी ६.४५

निपाणीकडची गोष्ट. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात तणाव होऊन नेट बंद झालं होतं, आठवत असेल. जिल्हा त्यांचा, आम्ही कर्नाटकात. पण टॉवरला सीमा कुठं कळते? आमच्या घरात सोप्यात इकडचा टॉवर लागतो, मागं परड्यात कागलकडचा. दुसऱ्या दिवशी सोप्यात नेट चालू, परड्यात बंद.

कागलची माझी भाची सकाळीच फॉर्म भरायला म्हणून दूधगंगा ओलांडून आमच्याकडे आली, बरोबर तिच्या तीन मैत्रिणी. दुपारपर्यंत सोप्यात अकरा पोरी. माझ्या आईनं सगळ्यांना पिठलं-भाकरी घातली. किती वाजेपर्यंत बंद, हे कुणालाच सांगता येईना. त्या वेळी मी शोधून वाचलं की १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, नेट बंद करण्याचे आदेश जाहीर केले पाहिजेत आणि बंदी गरजेपुरतीच असली पाहिजे. दंगल थांबवायला काही करावं लागतं हे मलाही कळतं. पण ज्या पोरीचा फॉर्म आज संपतो तिला 'कधीपर्यंत' एवढं तरी सांगायला हवं.

रोखठोक | मंगळवार, ७.३०

अफवा पसरून माणसं मेली तर? फॉर्मची तारीख वाढवता येते.

कोगनोळीकर | मंगळवार, ७.४१

येते, वाढवली तर. मागणी तेवढीच आहे की आदेश दाखवा, वेळ सांगा.

जांबोटीची_लेक | मंगळवार, ९.००

आमच्याकडे नेट बंद करावं लागत नाही, ते नसतंच.

आई रोजगार हमीच्या कामावर कायकबंधू, म्हणजे मजुरांची मुकादम होती. १ जानेवारी २०२३ पासून हजेरी फक्त अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा कामाच्या जागेवरून फोटो. आमचं गाव जांबोटीच्या पुढं, जंगलात. काम खाली ओढ्याकाठी, रेंज वर टेंभावर. आई सकाळी फोटो काढून टेंभावर चढायची, फोन डोक्यावर धरून उभी राहायची, वरचा गोल फिरत राहायचा. दुपारी परत तेच. जुलैच्या पावसात एकदा घसरून पडली, फोन मात्र वर धरलेला तसाच. सात दिवसांची हजेरी चढलीच नाही. तेवीस बायकांची मजुरी अडकली.

आईनं काय केलं, तर त्या सातही दिवसांची हजेरी दोनशे पानी वहीत मांडून ठेवली होती. नाव, तारीख, सही किंवा अंगठा. शिक्षण चौथीपर्यंत, पण रेघा फुटपट्टीनं मारलेल्या. ती वही आणि फोनमधले फोटो घेऊन आम्ही तालुक्याला गेलो. तिथं म्हणाले, अ‍ॅपमध्ये नाही म्हणजे काम झालं नाही. आई म्हणाली, 'मग हेच कागदावर लिहून द्या.' तिला कायदा माहीत नव्हता, आप्पांसारखं कुणी सांगितलंही नव्हतं. तो माणूस थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि वहीच्या झेरॉक्सवर पोच दिली. पाच दिवसांचे पैसे तीन महिन्यांनी आले. दोन दिवसांचे अजून नाहीत.

काळी_माती | मंगळवार, ९.३५

ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. मी दहावी शिकलेला, पण बाकावर बसल्या बसल्या हे वाक्य मला सुचलं नाही.

ज्ञानोबा_माउली | मंगळवार, ११.१०

नावाचा प्रश्न किती लोकांना छळतो बघा. वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. कोल्हापुरातल्या शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग डी-एन-वाय पासून, कारण मराठी माणूस 'द्न्य' म्हणतो. आधारवर कन्नडमधून इंग्रजीत गेलं ते जे-एन पासून. बँकेत तिसरंच, जी-एन. माणूस एक, झाली तिघं. पीक नुकसानीचे पैसे आले आणि परत गेले, नाव जुळत नाही म्हणून.

आधार केंद्रात सांगितलं, दाखल्यावरचं बदलून घ्या. मी म्हटलं दाखला १९७१ चा आहे, आधार नंतरचं, मग चूक कुणाची? आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक खेप आधीच आडनावाच्या दुरुस्तीत गेलेली. चार खेपा घातल्या. शेवटच्या खेपेला वडील स्वतः आले आणि त्या पोराला म्हणाले, 'बाळ, माझं नाव एकदा तोंडानं म्हण.' त्यानं म्हटलं, 'द्न्यानेश्वर'. वडील म्हणाले, 'आता जे म्हणलास ते लिही.' लिहिलं त्यानं. पोरगा चांगला होता, यंत्र त्याला तसंच सुचवत होतं.

बैलहोंगल_बसवा | मंगळवार, ११.२५

आमच्याकडे 'ग्न्यानेश्वर' म्हणतात, म्हणून तो घोळ. दोन्ही बरोबर, पण नाव ज्याचं त्यानं सांगितलेलं खरं.

पहिलं_बाक | मंगळवार, दुपारी १.००

छोटा अनुभव. २०१५ ला मी बेळगावात इंजिनिअरिंगला होतो. काही ठराविक साइट्स फुकट आणि बाकीच्यांना पैसे, असं नेट होणार म्हणून देशभर विरोध चालला होता. ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. त्यातले आमच्या हॉस्टेलचे ऐंशी. मी मराठीत पत्र लिहून ठेवलं होतं, मेसमध्ये ताटावर बसलेल्यांचे फोन मागून घ्यायचो आणि त्यांना वाचून दाखवून पाठवायला लावायचो. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं असा भेदभावाचा दर बंद केला. ऐंशी पत्रांनी काय झालं असेल ते असो, पण त्या रात्री मेसमध्ये शिरा केला होता.

पाराखाली | मंगळवार, रात्री ८.५०

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

शिवारवाट दादा, तुमचं गाव मी ओळखलं, कारण ते माझंही माहेर आहे. त्या यादीच्या दुसऱ्या पानावर माझ्या काकूचं नाव आहे. नावापुढं थकलेली रक्कम आणि मोबाइल नंबर. काका गेल्यापासून काकू एकटी असते. फलकावर ते चार माणसांनी वाचलं असतं. तुमच्या फोटोतून ते तीनशे लोकांच्या ग्रुपवर गेलं. परवा तिला दोन अनोळखी फोन आले, कर्ज देतो म्हणून. बचत गटात एकीनं सगळ्यांसमोर विचारलं, 'घरपट्टी भरायलाही जमेना काय?' ती दोन दिवस जेवलेली नाही.

तुम्हाला धमकी देणारा फोन चुकीचाच. तुम्ही नोटीस मराठीत मागितली तेही बरोबर. पण काकूला कुणी विचारलं?

शिवारवाट | मंगळवार, ९.२०

ताई, मी आत्ता पोस्ट उघडून दुसरं पान बघितलं. नंबर स्पष्ट वाचता येतात. फोटो काढताना माझं सगळं लक्ष त्या तळाच्या ओळीवर होतं, वर माणसं आहेत हे मनात आलंच नाही. फोटो आत्ता काढून टाकतोय, मजकूर ठेवतोय. चुकलं माझं.

खडेबाजार | मंगळवार, ९.३०

पण हे म्हणजे फोनवाल्याचंच ऐकल्यासारखं झालं! यादी पंचायतीनंच चव्हाट्यावर लावली होती. उघडी माहिती ती.

मलप्रभा | मंगळवार, ९.५५

खडेबाजार, नाही पटत. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, याचिका केली तेव्हा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी तो हक्क सरकारकडे मागितला. आपण गावातल्या काकूला तो द्यायचा नाही, असं कसं? फोनवाल्यानं 'पोस्ट काढा' म्हटलं, ताई 'नंबर झाका' म्हणतायत. यात मोठा फरक आहे.

वकीलआप्पा | मंगळवार, १०.३०

शिवाय पंचायतीनं थकबाकीच्या यादीत मोबाइल नंबर छापायचं कारणच काय? नोटीस मराठीत द्या हे मागाल, तेव्हा पुढच्या यादीत नंबर नकोत हेही मागा. ही चूक आधी त्यांची, मग तुमची.

खडेबाजार | मंगळवार, १०.४०

आप्पा, ताई, पटलं. घाई केली मी. ग्रुपवर जिथं जिथं तो फोटो माझ्याकडून पुढं गेलाय तिथून काढतो, आणि ज्यांना पाठवला त्यांनाही सांगतो.

पाराखाली | मंगळवार, १०.४८

धन्यवाद. दादा, जमलं तर काकूकडे एकदा जाऊन याल? वडाच्या पारामागचं कौलारू घर.

शिवारवाट | गुरुवार, रात्री ८.३०

उशीर झाला, कळवायचं राहिलं होतं.

काल सकाळी काकूंकडे गेलो. दारात उभं राहून आधी माफी मागितली. त्यांनी आत बसवलं, चहा दिला, काहीच बोलल्या नाहीत. मग फडताळातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या पावत्या काढल्या आणि म्हणाल्या, 'तू वाचतोस ना ते कन्नड, हे काय ते बघ.' २०१९ पासूनच्या घरपट्टीच्या पावत्या, एकही वर्ष चुकलेलं नाही. बसवण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी यादी आणि पावत्या शेजारी शेजारी ठेवायला लावल्या. पावतीवरचा घर नंबर वेगळा, यादीवरचा वेगळा. काकांच्या नावात 'काळे' चा 'ळ' होता तो कुठल्यातरी टायपिंगमध्ये 'ल' झालाय, आणि त्या 'काले' नावाच्या दुसऱ्याच घराची थकबाकी यांच्या नावावर चढली आहे. काकूंनी एक पैसा थकवलेला नाही.

त्यांनी हे ऐकलं आणि पदरानं पावत्यांवरची धूळ पुसत बसल्या, कितीतरी वेळ.

दुपारी परत तोच फोन आला. 'पोस्ट अजून आहे.' मी म्हटलं, फोटो काढून टाकलाय, कारण त्यात लोकांचे नंबर होते. मजकूर का काढायचा ते लेखी द्या. 'बघतो' म्हणाले. आज रात्रीपर्यंत कागद आलेला नाही. बायकोला आप्पांचं उत्तर वाचून दाखवलं. ती म्हणाली, राहू दे मग.

आज आम्ही चौघं पंचायतीत गेलो, काकू, मी, काकूंच्या शेजारीण आणि बैलहोंगलहून मुद्दाम आलेले बसवण्णा. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी साहेब जागेवर होते. काकूंची हरकत कन्नडमध्ये, पावत्यांच्या झेरॉक्स जोडून. दुसरा अर्ज नोटीस मराठीतही लावण्याचा आणि यादीतून मोबाइल नंबर वगळण्याचा, त्यावर गावातल्या एकेचाळीस जणांच्या सह्या. साहेब म्हणाले हरकतीची मुदत संपली. बसवण्णा म्हणाले, संपली असेल तर तसा शेरा मारून घ्या, पण घ्या. दोन्ही अर्ज घेतले. काकूंनी पोच स्वतः मागितली. आवक क्रमांक, तारीख, गोल शिक्का, निळ्या शाईत सही. घरी येईपर्यंत त्यांनी तो कागद हातातच धरला होता, पिशवीत ठेवला नाही.

हरकत मान्य होईल का, माहीत नाही. कळलं की इथंच सांगतो.

पाराखाली | गुरुवार, ९.०५

काकूचा आत्ताच फोन येऊन गेला. आज जेवली.